शाळेत इंग्रजी हा विषय नेमका कशासाठी? पालकसभेत मला उत्तर देता आलं नाही

मालवणची बाई

नमस्कार. मी मालवण तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शाळा सातवीपर्यंत, पट १९. गेल्या आठवड्यात पालकसभेत एक प्रश्न निघाला, तो तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

विषय निघाला गाडीवरून. इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी गाडी आता आमच्या वाडीपर्यंत येते. सकाळी पावणेआठला तिचा हॉर्न वाजतो आणि आमच्या परिपाठाला दोन मुलं कमी उभी असतात. त्यावर एक बाबा म्हणाले, "बाईनू, तुमी पयलीपासून इंग्रजी शिकवतास. सात वर्सां. त्येचो उपयोग काय?" दुसरे पर्यटकांना होडीतून किल्ल्यावर नेतात. ते म्हणाले, "बोलूक येवक व्हया, बाकी काय नको." मागे बसलेले एक आजोबा म्हणाले, "धावी सुटली म्हणजे झाला." आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी अभ्यासक्रमातली उद्दिष्टं सांगायला सुरुवात केली. श्रवण, भाषण, वाचन, लेखन. माझं मलाच जाणवलं की हे उत्तर नाही.

मी स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवली. २००० साली सरकारनं पहिलीपासून इंग्रजी आणलं, त्याच्या पुढच्याच वर्षी मी डी.एड. होऊन नोकरीला लागले. ज्या भाषेची मला धडकी भरायची तीच मला सहा वर्षांच्या मुलांना शिकवायची होती. गाणी पाठ केली, हातवारे केले, चित्रं चिकटवली. लहान मुलांना मजा यायची, मलाही यायची. पण पाचवी-सहावीत गेली की तीच मुलं गप्प होतात. मुलांना वाचता-मोजता येतं का हे बघणाऱ्या 'असर'च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या साधारण चार मुलांतल्या एकालाच साधी इंग्रजी वाक्यं वाचता आली होती. माझा वर्ग त्याहून फार वेगळा नाही, हे मी इथे खरं खरं लिहिते.

आणखी एक गोष्ट सांगते, जी मी शाळेत कुणाला सांगितलेली नाही. २०१३ साली माझ्या वडिलांना गोव्यातल्या एका हॉस्पिटलात दाखवलं होतं. तिथून जो कागद मिळाला, त्यावर रक्त पातळ करायच्या गोळीपुढे 'विथहोल्ड' लिहिलं होतं आणि खाली ऑपरेशनची तारीख. मी 'विथ' वाचलं, 'होल्ड' वाचलं. सोबत धरा, म्हणजे बाकीच्या गोळ्यांसोबत चालू ठेवा, असा अर्थ लावला. रोज रात्री जेवणानंतर माझ्या हातानं ती गोळी दिली. ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरांनी विचारलं, शेवटची कधी घेतली? काल रात्री. ऑपरेशन आठ दिवस पुढे ढकललं. परतीच्या एसटीत वडील एक शब्द बोलले नाहीत, फक्त माझ्या हातावर हात ठेवून बसले. तेव्हा मला इंग्रजी शिकवायला लागून बारा वर्षं झाली होती.

आणि परवा सहावीच्या वर्गात एक मुलगा वाचत होता. 'आय, एस, एल, ए, एन, डी' असं त्यानं बोट ठेवून ठेवून लावलं आणि म्हणाला, "इसलँड." आमच्या वर्गाच्या खिडकीतून सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. मी म्हटलं, अरे, आयलंड. समोर दिसतं ते कुरटे बेट, तेच आयलंड. त्यानं खिडकीबाहेर बघितलं, परत पुस्तकात बघितलं आणि विचारलं, "बाईनू, मगे हो एस कित्याक?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, तसंच असतं, पाठ कर. तो बसला. त्याचं ते खाली बसणं मला अजून दिसतंय.

तर माझा प्रश्न हाच. हा विषय कशासाठी आहे? परीक्षेसाठी, पोटासाठी, बोलण्यासाठी, वाचण्यासाठी? सगळ्यासाठी, असं कृपा करून सांगू नका. आठवड्याच्या तासिका मोजक्या आहेत आणि मला सोमवारी वर्गात उभं राहायचंय.

सुकाणी, मिऱ्या

ताई, मी २६ वर्षं बोटीवर होतो. दहावी मराठी शाळेत, इंग्रजीत ३७.

पहिल्या बोटीवर पहिल्या रात्री सुकाणूवर उभा राहिलो. कॅप्टन ग्रीक. ऑर्डर आली, "स्टारबोर्ड टेन." म्हणजे सुकाणू उजवीकडे दहा अंश. अर्थ मला ठाऊक होता, मी चाक फिरवलं. तो माझ्यावर ओरडला. मला कळेना काय चुकलं, बोट तर बरोबर वळत होती. चुकलं हे, की मी तोंडानं परत म्हटलं नाही. ऑर्डर ऐकली की शब्द न शब्द परत म्हणायची, मग चाक फिरवायचं, आणि काटा दहावर आला की पुन्हा सांगायचं. त्यामुळे ऑर्डर देणाऱ्याला कळतं की ह्यानं जे ऐकलं ते मीच सांगितलेलं आहे. त्या बोटीवर फिलिपिनो होते, युक्रेनी होते, दोघे बांगलादेशी, आम्ही रत्नागिरीचे चार. इंग्रजी एकाच्याही आईची भाषा नव्हती. तरी त्या भाषेवर तेवढी मोठी बोट चालायची.

२००१ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं बोटीवर बोलायची ठरलेली वाक्यं मंजूर केली. आमच्याकडून ती घोटून घेतली. त्यात 'मे', 'माइट', 'शुड', 'कुड' हे शब्द टाळा असं सांगितलंय. 'तुम्ही वळू शकता' म्हटलं तर ती परवानगी की नुसती शक्यता, हे रेडिओवर ऐकणाऱ्याला कळत नाही. बोलण्याआधी सांगायचं की आता काय येतंय. 'क्वेश्चन' म्हणायचं, मग प्रश्न. 'वॉर्निंग' म्हणायचं, मग धोका. आकडे सुटे सुटे. पंधरा असेल तर 'वन फाइव्ह', पन्नास असेल तर 'फाइव्ह झीरो', कारण 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' वाऱ्यात सारखंच ऐकू येतं. शाळेत मी ह्याच 'शुड' आणि 'कुड'च्या रिकाम्या जागा भरत होतो, पण ह्या शब्दांनी घोटाळा कसा होतो हे मला समुद्रावर कळलं.

माझं मत विचारलंत तर विषयाचं काम एवढंच. समोरचा काय म्हणाला ते समजलं का, हे त्याला परत सांगता यायला हवं. आणि नसेल समजलं तर 'से अगेन' म्हणताना मान खाली जाता कामा नये. तुमच्या वडिलांच्या गोळीचं तेच झालं. 'विथहोल्ड' म्हणजे 'देऊ नका' हे ठाऊक नव्हतं हा गुन्हा नाही, ताई. परत विचारायचं असतं, हे तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

बागायतदार, राजापूर

बाई, तुम्ही दोष स्वतःकडे घेताय हे मला पटत नाही. महाराष्ट्रात राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. गोव्यात १९८७ च्या कायद्यानं कोंकणी राजभाषा झाली, तरी सरकारी कामाला मराठी चालते. सिंधुदुर्गातून रोज माणसं तिथे उपचाराला जातात हे तिथल्या प्रत्येक हॉस्पिटलाला माहीत आहे. 'ही गोळी बंद ठेवा' एवढे चार शब्द मराठीत लिहायला काय अडचण होती? एक कागद नीट लिहायचा नाही आणि त्याच्यासाठी लाखभर मुलांना इंग्रजी शिकवायचं, हा उलटा न्याय आहे.

माझ्या बागेत फवारणी होते. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. फवारणीला येणारा एकही गडी इंग्रजी वाचत नाही, पण लाल त्रिकोण बघितला की आधी तोंडाला फडकं बांधतो. ज्यानं तो त्रिकोण ठरवला त्यानं वाचणाऱ्याचा विचार केला.

२०१४ मध्ये फळमाशी सापडली म्हणून युरोपनं आपला आंबा बंद केला. पुढच्या वर्षी तो परत सुरू झाला तो तपासणी आणि प्रक्रिया कडक केल्यावर. बागेत पडलेली फळं उचलून पुरायची, फळमाशी पकडणारे रक्षक सापळे कुठे आणि किती उंचीवर लावायचे, हे सगळं आमच्यापर्यंत मराठीतून आलं म्हणून आम्ही करू शकलो. इंग्रजीत आलं असतं तर कागद पाटावर पडून राहिला असता.

इंग्रजी शिकवू नका असं मी म्हणत नाही. माझी मुलगी पुण्याला शिकते, तिला लागतंच. पण जे मराठीत मिळायचा आपला हक्क आहे ते मिळत नाही म्हणून इंग्रजी शिकायचं असेल, तर आधी तो हक्क मागायला शिकवा. तो तास मराठीचा असेल.

गुहागरची आई

मी त्या पिवळ्या गाडीत मुलाला बसवणाऱ्यांपैकी एक आहे, म्हणून लिहिते. रागावू नका.

आम्ही त्याला घातलं कारण माझ्या नवऱ्याला मुंबईत एका ऑफिसात इंटरव्ह्यूला एकच प्रश्न इंग्रजीत विचारला आणि तो उठून आला. काम त्याला येत होतं. त्या दिवशी त्यानं ठरवलं की आपल्या पोरावर ही वेळ यायची नाही. फी भरताना दर वेळी ओढाताण होते, तरी भरतो.

पण ह्या मे महिन्यात एक झालं. पोरगा चौथीत आहे. अंगणात मी आमसुलं घातली होती. कोकमाची सालं रसात बुडवायची, उन्हात टाकायची, सुकली की परत रसात, परत उन्हात. तो शेजारी बसून 'इव्हॅपोरेशन'ची, म्हणजे बाष्पीभवनाची, व्याख्या घडाघडा म्हणत होता, एकही शब्द न चुकता. मी विचारलं, मग ह्या सालींतलं पाणी कुठे जातं रे? तो म्हणाला, "माहीत नाही, हे पुस्तकात नाही." मी तिथेच हातातलं ताट खाली ठेवलं.

बाई, आम्हाला वाटलं होतं की माध्यम इंग्रजी झालं की विषय आपोआप येईल. आता वाटतं की विषय इंग्रजी हवा, चांगला हवा, आणि बाकीचं त्याला समजेल अशा भाषेत हवं. पण तुमच्या शाळेत तो विषय खरोखर चांगला शिकवतील याची खात्री आम्हाला कोण देणार? ती खात्री मिळाली तर गाडी बंद करायला आमच्यासारखे पुष्कळ तयार होतील.

जुना मास्तर, दापोली

आधी त्या मुलाचा 'एस'. तो मुलगा बरोबर आहे, त्या एसला तिथे काही काम नाही. जुन्या इंग्रजीत या शब्दात एस नव्हताच, 'ईयलंड' असा काहीसा तो शब्द होता. फ्रेंचमधून आलेला 'आइल' हा दुसरा, वेगळा शब्द आहे. त्याचं मूळ लॅटिन 'इन्सुला', म्हणून त्यात एस लिहायला लागले. पंधराव्या-सोळाव्या शतकात पंडितांना वाटलं की आपला बेटाचा शब्दही त्याच घराण्यातला असणार, आणि त्यांनी त्यातही एस घातला. म्हणजे ती मोठ्या माणसांची चूक आहे, चारशे-पाचशे वर्षं टिकलेली. हे त्याला सांगा. मी ३१ वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं आणि माझ्या वर्गात हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण मी विचारू देत नव्हतो. मलाही पोर्शन संपवायचा असायचा.

मिऱ्याच्या सुकाणीदादांचं म्हणणं मला मनापासून आवडलं, पण शाळा तिथे थांबली तर ते मला चालणार नाही. ऑर्डर समजणं हे अर्धं काम. ऑर्डर कुणी दिली, का दिली, ती बरोबर आहे का, हे वाचून ठरवता येणं हे उरलेलं अर्धं. आपल्या कोकणातच याचं उदाहरण आहे. बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी 'दर्पण' काढलं तेव्हा ते विशीत होते. अंकात एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी. इंग्रजीतून जे कळतंय ते आपल्या माणसांना मराठीत सांगायचं, आणि आपल्या माणसांचं म्हणणं राज्य करणाऱ्यांना त्यांच्या भाषेत ऐकवायचं, असा तो दुहेरी रस्ता. बागायतदार म्हणतात तो हक्क मागण्यासाठीसुद्धा समोरच्याचा कागद आधी वाचता यावा लागतो. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ मध्ये कवितेतून इंग्रजी शिका म्हणून सांगितलं ते साहेबाची नक्कल करा म्हणून नव्हे. ज्यांना शतकानुशतकं पाटीच हातात धरू दिली नव्हती त्यांच्यासाठी तो नवा दरवाजा होता. डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, आमच्या शेजारचं. त्यांनी आयुष्यभराचं बरंचसं मोठं लेखन इंग्रजीत केलं आणि त्याच वेळी आपल्या माणसांसाठी पाक्षिकं मराठीत चालवली. दोन्ही हात वापरले.

आणि परीक्षेबद्दल. दहावीला २०२४ मध्ये कोकण विभागाचा निकाल ९९.०१ टक्के लागला, राज्यात पहिला. मुलं मेहनती आहेत, मला अभिमान आहे. पण इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, कवितेच्या रसग्रहणाचा प्रश्न असतो. कवितेचं नाव, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना असे मुद्दे ठरलेले. आम्ही मुलांना साचा पाठ करून देतो, नाव तेवढं बदलायचं. मी तपासलेल्या एका सराव पेपरात एका मुलीनं त्या साच्याच्या खाली, ओळ सोडून, मराठीत लिहिलं होतं: 'ही कविता वाचून मला माझ्या आजीची आठवण आली.' मार्क देण्यासाठी तिथे जागा नव्हती. मी तिला बोलावून विचारायला हवं होतं की कुठली ओळ वाचून. विचारलं नाही. त्या ओळीसाठी हा विषय आहे, असं मला आज वाटतं.

सुकाणी, मिऱ्या

गुरुजी, मान्य. मी पण बोटीवर शेवटी शेवटी करारनामा स्वतः वाचून मगच सही करायला लागलो. ते वाचन मला ऑर्डरींनी शिकवलं नाही, एका फिलिपिनो कुकनं शिकवलं. रोज रात्री अर्धं पान.

मालवणची बाई

सगळ्यांचे आभार. मी हे सगळं दोनदा वाचलं, एकदा घरी आणि एकदा शाळेत मधल्या सुट्टीत.

बागायतदारांचं पहिलं वाक्य वाचून डोळ्यांत पाणी आलं. दहा वर्षांहून जास्त काळ मी तो दोष एकटीनं वागवत होते. तुमचं म्हणणं मी पुढच्या पालकसभेत मांडणार आहे. पण त्या रात्री माझ्या हातात कागद इंग्रजीच होता आणि समोर वडील बसले होते. उद्या माझ्या वर्गातल्या कुणाच्या हातातही तसाच कागद येणार. कायदा बदलेपर्यंत, किंवा असलेला पाळला जाईपर्यंत, ते पोर थांबू शकत नाही. म्हणून माझ्यापुरतं मी ठरवलंय की समोर आलेलं वाचायचं, अडलं तर न लाजता विचारायचं, आणि समजलं ते आपल्या भाषेत दुसऱ्याला सांगायचं. बोलणं त्यातूनच यावं असं मला वाटतं. होडीवाल्या बाबांना हे कितपत पटेल माहीत नाही. दहावीच्या मार्कांचा प्रश्न तर यात सुटतच नाही, आणि त्या आजोबांना मी खोटं आश्वासन देणार नाही.

गुहागरच्या ताई, तुम्ही मागितलेली खात्री मी एकटी देऊ शकत नाही. एवढं सांगते की मुलाला आमसुलांबद्दल परत विचारा, मराठीत. व्याख्या त्याच्याकडे आहेच, ती फक्त अंगणात उतरायची राहिलीय.

सोमवारी मी वर्गात आधी कबूल केलं की शुक्रवारी मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी 'पाठ कर' म्हटलं. मग फळ्यावर 'आयलंड' लिहिलं आणि मास्तरांनी सांगितलेली एसची गोष्ट सांगितली. वर्ग एकदम शांत झाला. मग एक मुलगी म्हणाली, "म्हणजे इंग्रजांचीय चूक जाता?" जाते, म्हटलं. त्यानंतर मैदानावर सुकाणीदादांचा खेळ घेतला. एकजण कॅप्टन, एकजण सुकाणूवर, हातात सायकलची जुनी रिम. जो ऑर्डर परत म्हणणार नाही तो बाद. जी दोन मुलं इंग्रजीच्या तासाला तोंड उघडत नाहीत ती सगळ्यात मोठ्यानं ओरडत होती, "स्टारबोर्ड टेन, सर!" 'से अगेन' तर मधल्या सुट्टीत खिचडी वाढतानासुद्धा चाललं होतं.

आणि काल तो मुलगा वही घेऊन आला. त्याच्या काकांच्या होडीत पर्यटकांना देतात त्या जाकिटावरचा मजकूर त्यानं जसाच्या तसा उतरवून आणला होता, मोठ्या अक्षरांत, ओळ सोडून. ज्या अक्षरांना काम नाही असं त्याला वाटलं त्यांच्याभोवती पेन्सिलीनं गोल केले होते. एका लांब शब्दावर अडला होता. त्याची सुरुवात बी, यू, ओ, वाय. त्यानं यू भोवतीही गोल केला होता आणि पुढे प्रश्नचिन्ह. मी शब्द वाचून दाखवला, 'बॉयन्सी', म्हणजे पाण्यावर तरंगून राहण्याची ताकद. आणि त्याचा शेवटचा अर्धा भाग हातानं झाकून म्हटलं, उरलं तेवढंच वाच, आणि जाळ्यावर काय बांधतात ते आठव.

तो थोडा वेळ ओठ हलवत राहिला. मग म्हणाला, "बाईनू, हो तर आमचो बोयो!"